न छापलेली चूक

१

शुक्रवारी सकाळी साडेअकराला संपादकांचा फोन आला तेव्हा कोडेबाई चष्म्याच्या काचा पुसत बसल्या होत्या. संपादक सहसा फोन करत नसत. नऊ वर्षांत त्यांनी तीनदा फोन केला होता, आणि तिन्ही वेळा छापखान्यातलं कुणीतरी गेल्याचं कळवायला. त्यामुळे बाईंनी फोन उचलल्या उचलल्या विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही. बसल्या आहात ना? एक पत्र आलंय, वाचून दाखवतो."

कोडेबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. रविवारच्या पुरवणीतलं शब्दकोडं त्या रचत, म्हणून वर्तमानपत्राच्या कचेरीत हे नाव पडलं आणि दारावरच्या पाटीपेक्षा तेच जास्त चाललं. त्याआधी सव्वीस वर्षं त्यांनी त्याच कचेरीत मुद्रितं तपासली होती. आता एकसष्टाव्या वर्षी दोन खोल्या, एक टेबल, एक लॅपटॉप आणि आठवड्याचं एक कोडं, एवढा त्यांचा पसारा होता.

संपादक वाचू लागले. "'महाशय, येत्या रविवारच्या कोड्यात शेळीचे पिल्लू याचे उत्तर कोकरू असे दिले आहे. शेळीचे ते करडू. कोकरू मेंढीचे. ज्याला लोकर, त्याचं कोकरू, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. छापण्याआधी दुरुस्ती व्हावी. एक वाचक.' टाइप केलेलं आहे. खाली नाव नाही, गाव नाही."

"बरोबरच आहे त्याचं," बाई म्हणाल्या.

"बरोबर आहे हो. पण तुमचं कोडं माझ्यासमोर आहे आणि त्यात 'मेंढीचे पिल्लू' असं लिहिलंय. मी तीनदा बघितलं. त्यात चूकच नाही. आणि बाई, कोडं अजून छापलेलं नाही. ते परवा येणार. पाकिटावर शिक्का सोमवारचा आहे."

बाईंनी चष्मा टेबलावर ठेवला.

खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नव्हतं. "चूक होती," त्या म्हणाल्या. "सोमवारी मी शेळीच लिहिलं होतं. मंगळवारी सकाळी लक्षात आलं, दुरुस्त केलं, आणि मग तुम्हाला पाठवलं."

"म्हणजे ती चूक माझ्यापर्यंत आलीच नाही."

"नाही."

"मग ती बघितली कुणी?"

संपादकांचा आवाज एकदम कामाचा झाला. पुढच्या शनिवारी बाईंनी वर्धापनदिनाचं महाकोडं द्यायचं होतं. ते हजारो लोक सोडवत, बक्षीस मोठं असे. ते फुटलं तर वर्तमानपत्राचं नाक कापलं जाणार होतं. "लॅपटॉपला काही संरक्षण आहे का तुमच्या?"

"असेल की काहीतरी."

"असेल की काहीतरी म्हणजे नाही. हल्ली फुकटात चांगले प्रोग्रॅम मिळतात, पण पारखून घ्या. आणि कोण डोकावतंय ते शोधा. शनिवारपर्यंत जमलं नाही तर महाकोडं मला दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावं लागेल. आणि एकदा दुसरं माणूस आलं, की तुम्हाला माहीत आहे."

बाईंना माहीत होतं. आठवड्यातून एकदा हजारो घरांत लोक पेन्सिल घेऊन त्यांच्याशी हुज्जत घालत. सोमवार ते शनिवार त्यांच्याशी कुणीच बोलत नसे. ते पान गेलं असतं तर रविवारही तसाच झाला असता.

फोन ठेवून त्यांनी खोलीकडे बघितलं. गेल्या सोमवारी या खोलीत त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. खरं तर त्या अख्ख्या महिन्यात तिथे कुणी आलंच नव्हतं.

२

बाईंनी एका कागदाच्या पाठकोऱ्या बाजूला चौकटी आखल्या, कोड्यासाठी आखत तशा. पत्र लिहिणाऱ्याने नुसता शोधसंकेत बघितला नव्हता, चौकटीत भरलेलं उत्तरही बघितलं होतं. कोडं मात्र त्या कागदावर कधीच रचत नसत, संधिवातामुळे चार रेघांपलीकडे बोटं चालत नसत. म्हणजे जे काही फुटलं ते लॅपटॉपमधूनच.

लॅपटॉप धाकट्या बहिणीने चार वर्षांपूर्वी दिलेला. तिने स्वतः येऊन सगळं बसवून दिलं होतं, बोट धरून शिकवलं होतं. त्यानंतर त्याला हात लावला तो एकाच माणसाने. दीड महिन्यापूर्वी बॅटरी फुगली तेव्हा कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने तो चार दिवस ठेवून घेतला होता, आणि परत देताना म्हणाला होता, "ताई, अँटिव्हायरसही टाकून दिलाय. फुकटवाला."

शनिवारी सकाळी बाई लॅपटॉप काखेत मारून त्याच्या दुकानात गेल्या. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. दुरुस्तीवाला एका उघड्या यंत्रावर फुंकर मारत होता.

"तू टाकलेला प्रोग्रॅम फुकटचा आहे ना?"

"एकदम फुकट, ताई."

"मग यात परवान्यापुढे एका दंतवैद्याच्या दवाखान्याचं नाव कसं? तेही कुठल्या तरी परदेशातल्या?"

दुरुस्तीवाल्याने फुंकर मारायची थांबवली. सव्वीस वर्षं बारीक टाइप वाचलेल्या बाईशी गाठ आहे हे त्याच्या ध्यानात आलं असावं. तो उठला, शटर थोडं खाली ओढलं आणि पुन्हा बसला.

"ते विकतवालं आहे," तो म्हणाला. "कुणीतरी त्याचं कुलूप फोडून नेटवर ठेवतं. आम्ही तेच सगळ्यांना टाकतो. गिऱ्हाईक खूश होतं."

"म्हणजे चोर येऊ नये म्हणून चोरीचा माल."

"तुम्ही असं म्हटल्यावर तसंच वाटतं खरं."

"त्यातून तुला माझं लिहिलेलं दिसतं का?"

"मला?" तो खरोखर चकित झालेला दिसला. "ताई, मला माझ्या बायकोचे मेसेज वाचायला वेळ नाही. पण ज्याने कुलूप फोडलं त्याने आत काय घालून ठेवलंय, ते मी कसं सांगू? काढूनच टाकतो." तो मुकाट्याने कामाला लागला.

बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "शेळीच्या पिल्लाला काय म्हणतात रे?"

"करडू. आजोबांकडे दहा-बारा होती."

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. "आणि ज्याला लोकर?"

"काय?"

"ज्याला लोकर, त्याचं कोकरू. शाळेत शिकवतात ती म्हण."

"आमच्या शाळेत नाही शिकवली," दुरुस्तीवाला म्हणाला, आणि त्याने लॅपटॉप त्यांच्याकडे सरकवला. "काढला. पण आता हा उघडा आहे, ताई. काहीतरी घाला लगेच. आणि एक सांगू? घरात वायफाय आहे ना? त्याचा पासवर्ड कुणाकुणाला दिलाय ते आठवून बघा."

पासवर्ड एकाच माणसाला दिला होता. तो वरच्या मजल्यावर राहत होता, आणि दर रविवारी कोडं सोडवत होता.

३

वरचे गृहस्थ जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले होते. सगळे त्यांना मोजणीदारच म्हणत. बायको गेल्यापासून त्यांच्याकडे कुणी येत नसे. वर्षभरापूर्वी त्यांनी जिन्यात बाईंना थांबवून वायफाय मागितलं होतं, आणि तेवढंच काय ते दोघांचं बोलणं.

त्यांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात एक जाड वही होती. बाईंना बघून ती त्यांनी पाठीमागे लपवली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं ते झालं.

"काय आहे ते?" बाई म्हणाल्या.

मोजणीदारांनी वही पुढे केली. तारीखवार ओळी होत्या, लाल शाईत. सहा वर्षांतल्या बाईंच्या कोड्यांतल्या चुका. एकूण एकेचाळीस.

"कधी कचेरीला कळवल्या नाहीत?"

"कशाला कळवायच्या? तुम्ही सुधारलात तर मला काय मिळणार? चूक सापडली की माझा आठवडा बरा जातो."

बाई खुर्चीवर बसल्या. यांना शब्दांची जाण होती, वायफाय होतं आणि चुका टिपायची खोडही होती. शनिवारीच शोध संपला असं त्यांना वाटून गेलं. त्यांनी वही मिटली. "एक सांगा. शेळीच्या पिल्लाला काय म्हणतात?"

"कोकरू," मोजणीदार छातीठोकपणे म्हणाले.

"नक्की?"

"अहो, कोकरूच. लहानपणापासून ऐकतोय."

बाईंनी निःश्वास टाकला. तो सुटकेचा की निराशेचा, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. ज्याला स्वतःलाच करडू ठाऊक नाही, त्याने ते पत्र लिहिलं असणं शक्य नव्हतं. लोकर आणि कोकराची म्हणही त्यांनी कधी ऐकली नव्हती.

बाईंनी मग त्यांना सगळं सांगितलं. मोजणीदारांनी लक्ष देऊन ऐकलं, आणि एका चिठ्ठीवर तीन फुकट प्रोग्रॅमची नावं लिहून दिली. "यातला बघा एखादा. वायफायचा पासवर्डही बदला. मला नाही दिलात तरी चालेल."

बाई जिन्यापाशी पोचल्या तेव्हा ते मागून म्हणाले, "तुमच्यावर कुणाची नजर आहे म्हणता, तर एक गोष्ट आठवली. मागे एक बाई समोरच्या फुटपाथवर उभी होती. दोन तास. तुमच्या खिडकीकडे बघत."

"कधी?"

"दीड महिना झाला असेल. मी खाली गेलो तर मला विचारलं, तळमजल्यावरच्या बाई बऱ्या आहेत ना? मी म्हटलं, बऱ्या आहेत, आत्ताच पिशवी घेऊन बाहेर पडल्या. बरं म्हणाली आणि निघून गेली."

"दिसायला कशी होती?"

"चेहरा नाही सांगता यायचा, डोक्यावरून शाल होती. उंची सांगतो. पाच फूट एक."

"हे तुम्ही मला आज सांगताय?"

"बोलतो कुठे आपण?" मोजणीदार म्हणाले.

४

रविवारचा सगळा दिवस बाईंनी त्या तीन नावांवर घालवला. मुद्रितं तपासावीत तशा बारीक अक्षरातल्या अटी त्या वाचत गेल्या. पहिला प्रोग्रॅम फुकट होता, पण बसवण्याआधी जन्मतारीख, फोन नंबर आणि घरात किती माणसं आहेत हे विचारत होता. एकच, असं लिहायला बाईंचं बोट उचललं नाही. दुसऱ्याच्या अटींत सतराव्या कलमात लिहिलं होतं, की तुम्ही कुठली पानं बघता ते आम्ही आमच्या भागीदारांना कळवू. तिसऱ्याचं पान अगदी नामी होतं, हिरवं, मोठ्या बटणाचं. पण कंपनीच्या नावात एक अक्षर दोनदा पडलं होतं. खऱ्या कंपनीने स्वतःचं नाव चुकवलं नसतं. नक्कल करणारा मात्र चुकतो, हे बाईंना छापखान्यात कळलं होतं.

शेवटी त्यांना चौथा सापडला. तो लॅपटॉपबरोबरच आलेला होता, फुकट, मुळापासून आत बसलेला. दुरुस्तीवाल्याच्या चोरीच्या मालाने त्याला बंद करून ठेवलं होतं, इतकंच. काखेत कळसा आणि गावाला वळसा. बाईंनी तो चालू केला, ताजा करून घेतला, सगळा लॅपटॉप तपासायला लावला. तीन तास लागले. शेवटी हिरवी खूण आली. धोका आढळला नाही.

वायफायचा पासवर्डही त्यांनी बदलला. आता घर बंद होतं.

तरी त्यांचं समाधान होईना. हिरवी खूण चोर नाही म्हणत होती आणि पत्र चोर आहे म्हणत होतं. म्हणून सोमवारी सकाळी त्यांनी सापळा लावला. दहा वाजता लॅपटॉप उघडला, एक कोरं पान घेतलं, चौकट आखली आणि लिहिलं: 'घोड्याचे पिल्लू'. उत्तराच्या चौकटींत भरलं: 'पाडस'. पाडस हरणाचं असतं हे शेंबडं पोरही सांगेल. दहा मिनिटं त्यांनी ते तसंच स्क्रीनवर ठेवलं. मग सगळं खोडलं, आणि पान जतन न करताच बंद केलं.

ते शब्द कागदावर नव्हते आणि कुठल्या फाइलमध्येही नव्हते. फक्त दहा मिनिटं ते काचेवर होते.

मंगळवार कोरा गेला. बुधवारी दुपारी टपाल आलं. पाकीट या वेळी संपादकांच्या नावाने नव्हतं. त्यावर बाईंचं स्वतःचं नाव होतं, घर क्रमांक होता, खालचा मजला असंही लिहिलं होतं. आत टाइप केलेल्या दोनच ओळी.

'घोड्याचे ते शिंगरू. पाडस हरणाचे.

हे तुला माहीत आहे.'

५

बाई बराच वेळ दाराजवळच उभ्या राहिल्या. मग टेबलाशी येऊन त्यांनी ती चौकटींची पाठकोरी पुन्हा समोर घेतली.

पहिली गोष्ट. जतन न केलेलं पान कुणी फाइलमधून चोरू शकत नाही. म्हणजे फाइल कुणीच चोरत नव्हतं. कुणीतरी त्यांची स्क्रीन बघत होतं, त्या लिहीत असताना, त्याच क्षणी. आणि चोरीचा प्रोग्रॅम काढल्यावर, पासवर्ड बदलल्यावरही बघत होतं.

त्यांनी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. "लांबून दुसऱ्याची स्क्रीन दिसेल असं काही असतं का?"

"असतं की. रिमोटवालं. ऑफिसात वापरतात, घरबसल्या दुसऱ्याचं यंत्र दुरुस्त करायला." मग तो अडखळला. "तुमच्यात आहे ते, ताई. खाली उजव्या कोपऱ्यात निळा गोल. मी बघितलं होतं. तुमच्याच कुणीतरी टाकलं असेल म्हणून हात लावला नाही."

"मग तपासणीत ते सापडलं कसं नाही?"

"ते चोर नाही ना. रीतसर बसवलेलं आहे. अँटिव्हायरस अनोळखी माणसाला हटकतो. घरच्याला कसा हटकेल?"

बाईंनी प्रोग्रॅमची यादी उघडून तारखा लावल्या. निळा गोल सगळ्यांत जुना होता. लॅपटॉप घरात आला त्या दिवसाचा.

दुसरी गोष्ट ती म्हण. दुरुस्तीवाल्याने ऐकली नव्हती, मोजणीदारांनी ऐकली नव्हती. बाईंनी संपादकांना फोन करून विचारलं, त्यांनीही नाही म्हटलं. म्हणींचा जाडजूड कोश काढून त्यांनी ज, ल आणि क तिन्ही चाळले. कुठेच नव्हती. मग ती शिकवली कुणी? डोळे मिटल्यावर शाळा दिसेना, स्वयंपाकघर दिसलं. परीक्षेत शेळीचं कोकरू लिहिल्याबद्दल दोन गुण गेले होते आणि नऊ वर्षांच्या बाई रडत होत्या. आई स्वेटर विणत होती. तिने हातातला लोकरीचा गुंडा वर धरला आणि तिथल्या तिथे ती ओळ जुळवली. शेजारी पाच वर्षांची धाकटी बसली होती, आणि मग आठवडाभर ती घरभर तेच म्हणत हिंडत होती. ती म्हण जगात तीनच माणसांना माहीत होती, आणि त्यांतलं एक तीन वर्षांपूर्वी गेलं होतं.

तिसरी गोष्ट फुटपाथवरची बाई. ती आली तेव्हा लॅपटॉप चार दिवस दुरुस्तीवाल्याकडे बंद पडला होता. म्हणजे चार दिवस कुणालातरी स्क्रीन दिसली नव्हती. पाच फूट एक. आईची उंची तेवढीच होती, आणि धाकटी आईवर गेली होती.

आडवे आणि उभे शब्द एकाच चौकटीत येऊन मिळाले, तरी बाईंना नेहमीसारखं बरं वाटलं नाही. आई धाकटीकडे असायची, आजारपणही तिथेच काढलं. धाकटीचा निरोप आला तो उशिरा, आणि बाई पोचल्या त्या सगळं आटोपल्यावर. दारातच, चार लोकांदेखत, त्या धाकटीला म्हणाल्या होत्या, "तुला आई एकटीला हवी होती." त्यानंतर धाकटीने महिनाभर फोन केले. बाईंनी एकही उचलला नाही. मग फोन थांबले.

धाकटी एका रुग्णालयाच्या कचेरीत संगणक सांभाळायची. तिचा नंबर बाईंना अजून पाठ होता.

६

दुसऱ्याच घंटीला फोन उचलला गेला.

"मिळालं पत्र?" धाकटी म्हणाली. ना नमस्कार, ना विचारपूस.

"मिळालं."

"सोमवारी मुद्दाम केलंस ना?"

"हो."

"वाटलंच. पाडस तू चुकणार नाहीस. करडू चुकशील."

"सापळा आहे हे कळलं, तरी पत्र पाठवलंस?"

पलीकडे कुणीतरी तिला काहीतरी विचारत होतं. "थांबा जरा," ती त्या माणसाला म्हणाली. दार लागल्याचा आवाज आला. "एकदाचं कळावं म्हणून पाठवलं, ताई. आधीचं तसं नव्हतं. ती चूक छापून आली असती तर तुला किती लागलं असतं ते मला माहीत आहे. मंगळवारी तू दुरुस्त केलंस तेही मी बघितलं. पण तोवर पत्र पेटीत पडलं होतं."

"तीन वर्षं बघतेयस?"

"अडीच. आधी नुसता ठिपका बघायचे. माझ्याकडे यादी असते, कुठलं यंत्र चालू, कुठलं बंद. रोज दहाला तुझा ठिपका हिरवा व्हायचा. ताई उठली, ताई कामाला बसली, एवढं कळलं की मी माझ्या कामाला लागायचे. मग एक दिवस राहवलं नाही, आत डोकावले."

"आणि चार दिवस ठिपका दिसला नाही तेव्हा सहा तास बसचा प्रवास करून आलीस. बेल का नाही वाजवलीस?"

"तू पिशवी घेऊन गेलीस म्हणाले ते. म्हणजे बरी होतीस. बेल वाजवून काय बोलले असते?"

बाईंना राग आला होता, आणि तो यायलाच हवा होता. कुणी आपल्याला लिहिताना बघावं, खाडाखोड बघावी, हे अंगावरचं पांघरूण ओढल्यासारखं होतं. तसं त्या बोलल्याही. धाकटीने सगळं ऐकून घेतलं. बोलता बोलता बाई मध्येच थांबल्या. त्यांना संध्याकाळी लिहिलेली ती पत्रं आठवली. धाकटीच्या नावाने लिहिलेली, आणि न पाठवता खोडलेली.

"मी तुला पत्रं लिहायचे," त्या हळू म्हणाल्या. "अकरा लिहिली असतील. तीही?"

"चौदा," धाकटी म्हणाली.

"सगळी वाचलीस?"

"सगळी. रागाची पाच. बाकीची... तू खोडायला लागायचीस तेव्हा शेवटचा शब्द आधी जायचा. मग त्याच्या आधीचा. माझं नाव सगळ्यात वर असायचं, ते शेवटी जायचं. मी ते जाईपर्यंत बसायचे."

"मग कधी एक अक्षर तरी लिहायचंस."

"कशाचं उत्तर लिहू, ताई? पाठवलं कुठे होतंस तू?"

रस्त्यावरून एक गाडी गेली, तिचा आवाज विरला.

"मला हे काढायला लागेल," बाई म्हणाल्या. "उद्या महाकोडं सुरू करायचंय. आणि तसंही काढायलाच हवं."

"काढ. मी सांगते कसं ते." धाकटी एकेक पायरी सांगू लागली, चार वर्षांपूर्वी शिकवलं होतं त्याच चिवट आवाजात. निळ्या गोलावर टिचकी मार. आता खालची तिसरी ओळ. "आता विचारेल, नक्की काढायचं का?"

"विचारलं."

"हो म्हण."

बाईंनी हो म्हटलं. स्क्रीनवर काहीतरी फिरत राहिलं. ते थांबायच्या आधीच धाकटी म्हणाली, "गेलं. इकडे नाव पुसलं गेलं." मग म्हणाली, "माझं काम आहे, ताई. ठेवते." आणि तिने ठेवला.

संध्याकाळी बाईंनी संपादकांना कळवलं, की वाट सापडली आणि बुजवली.

"कोण होतं?"

"घरचंच माणूस. शब्दावर विश्वास ठेवा. पुन्हा होणार नाही."

संपादकांनी क्षणभर विचार केला असावा. "शनिवारी बारापर्यंत द्या," ते म्हणाले. बाईंनी अकरालाच दिलं.

पण त्या दोन दिवसांत त्यांना खोली परकी वाटू लागली होती. इतकी वर्षं त्या एकट्या होत्या आणि एकट्या आहोत असंच समजत होत्या. आता कळलं होतं की तेव्हा कुणीतरी सोबत होतं, आणि आता मात्र खरंच कुणी नव्हतं. चौकटीत एखादा चांगला शब्द बसला की त्या नकळत थांबत. मग लक्षात येई, की हा आता रविवारपर्यंत कुणालाच दिसणार नाही. धाकटीचा फोन आला नाही. बाईंनीही केला नाही.

शनिवारी महाकोडं पाठवल्यावर त्यांनी एक कोरं पान उघडलं, आणि वर धाकटीचं नाव लिहिलं. खाली लिहिलं, 'आईजवळ शेवटी तू होतीस. मी दारात जे बोलले ते खोटं होतं, आणि बोलतानाच मला ते कळत होतं.' आणखी सुचलं नाही. सवयीने बोट खोडायच्या कळीवर गेलं. तिथे ते थांबलं. आता खोडलं असतं तर ते कुणीच वाचलं नसतं.

बाईंनी ते पाठवलं.

उत्तर मंगळवारी आलं. ते लांबलचक होतं, आणि बऱ्याच ठिकाणी रागाचं. तीन वर्षांचं साचलेलं सगळं त्यात होतं, आईच्या शेवटच्या आठवड्यातला एकेक दिवसही होता, बाईंना कधीच कुणी न सांगितलेला. बाईंनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.